शेपटीतले तीन ठोके

“कडी काढू नकोस गं, मी थांबणार नाही.”

माझ्या मामीला तिच्या वडिलांचा आवाज एवढाच आठवायचा. एक वाक्य. दाराच्या पलीकडून आलेलं.

ती तेव्हा अगदी लहान. दारामागे जमिनीवर बसून पातेल्याच्या झाकणाशी खेळत होती. आधी दार वाजलं… पण वर कडीपाशी नाही. खाली, उंबऱ्याजवळ. तिच्या कानाला लागूनच. मग तो आवाज आला. मग तिची आई धावत आली, दाराच्या फटीला डोळा लावला आणि तशीच उभी राहिली.

पुढचं तिला काहीच आठवत नव्हतं. जाणाऱ्या पावलांचा आवाजसुद्धा नाही.

तुम्ही म्हणाल, यात भय कसलं? बाप घरी आला, दारातूनच परत गेला.

पण त्याच दुपारी, त्याच घटकेला, तो बाप जळत्या विमानात होता.

ही कुणाच्या कुणाकडून ऐकलेली गोष्ट नाही. ज्या दोघींच्या डोळ्यांसमोर पुढचं सगळं घडलं, त्यातली एक माझी मामी आणि दुसरी माझी आई. माझी आई झुरळाला भ्याली नाही, सासूला भ्याली नाही, बाबांना तर नाहीच नाही. पण हे सांगताना ती अजूनही मध्येच उठते आणि पाण्याचा पेला भरते. पीत नाही. नुसता भरून ठेवते.

आणि रात्रबित्र डोक्यातून काढून टाका. जे घडलं ते लख्ख उन्हात घडलं.

लढाईच्या दिवसांतलं ते बॉम्बफेकी विमान. आत सात माणसं. शेपटीच्या टोकाला काचेची इवलीशी खोली असते, तिथे बसून मागच्या शत्रूवर गोळ्या झाडणारा गनर म्हणजे मामीचे वडील. परतताना विमान पेटलं. मामीच्या गल्लीतल्या घरांच्या कौलांवर येतंय येतंय असं वाटत असताना शेवटच्या क्षणी विमानानं नाक उचललं, घरं ओलांडली आणि पलीकडच्या तलावात गेलं.

पाणबुड्यांनी सहा जणांना वर काढलं. सातवा सापडला नाही. काचेची खोली उघडी होती. रिकामी होती.

आणि त्याच दुपारी गल्लीत चार जणांनी त्याला पाहिलं होतं!

शिंपी तर शपथेवर म्हणाला, “माझ्या समोरून गेला. मी हाक मारली, तर हातसुद्धा केला नाही. दोन्ही हात छातीशी आवळलेले, मान खाली. लाजच वाटत असणार हो.”

झालं. निकाल लागला. सहा जण कामी आले, सातवा उडी मारून पळाला.

मामी ‘पळपुट्याची पोर’ म्हणून वाढली. तिच्या आईला सगळे माई म्हणत. माईनं कधी हो म्हटलं नाही, कधी नाही म्हटलं नाही. नवऱ्याचा विषय निघाला की तोंडात मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. मामी मात्र भांडायची. शाळेत, बाजारात, स्वतःच्या लग्नात. “माझा बाप पळालेला नाही,” हे ती इतक्या जोरात म्हणायची की समोरचा गप्प व्हायचा.

पण आत एक काटा होता. तो आवाज तिनं स्वतः ऐकला होता. चार साक्षीदार जगाला ठाऊक होते… पाचवी ती होती.

हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

पुढे कैक वर्षांनी एका कडक उन्हाळ्यात तलाव आटला आणि गाळातून विमानाची शेपटी वर आली. त्या वैमानिकांचं स्मारक म्हणून विमान होतं तसं उभं करायचं, असं ठरलं. समिती बसली. मामीचं तेव्हा पत्राकामाचं वर्कशॉप होतं. बसगाड्यांच्या बॉड्या बांधायची. माझी आई तिच्या हाताखाली. नणंद-भावजय रिव्हेट मारायच्या एका गनवर काम करतात हे बघायला लोक यायचे.

पहिल्याच दिवशी मामी समितीच्या साहेबांसमोर उभी राहिली. निवृत्त अधिकारी, शांत माणूस.

“साहेब, पाटीवर नावं किती?”

“सहा.”

“माणसं सात होती.”

“बाई, तो निकाल मी लावलेला नाही.”

“मग विमानही तेवढंच उभं करा. शेपूट कापून. बिनशेपटीचं. लोक विचारतील मागचं कुठे गेलं, तेव्हा सांगा, पळालं.”

आई खुदकन हसली. साहेब हसले नाहीत.

“हे काम दुसरं कुणी करेल का?” त्यांनी विचारलं.

“नाही. म्हणून तर एवढं बोलतेय.”

साहेब एवढंच म्हणाले, “काम करा. नावांचं मागाहून बघू. आणि एक सांगतो. पोटाखालचा जुना पत्रा शाबूत आहे, त्यावर मूळचा रंगही आहे. त्याला हात लावायचा नाही.”

हँगरमध्ये, म्हणजे विमान ठेवायच्या उंच शेडमध्ये, काम सुरू झालं.

आता रिव्हेटचं, म्हणजे पत्रे जोडायच्या बिनआट्याच्या खिळ्याचं सांगते, कारण सगळं तिथेच आहे. पत्र्याला पत्रा जोडायचा तर दोन माणसं लागतात. बाहेरचा गन चालवतो. आतला लोखंडी ठोकळा रिव्हेटच्या टोकाला दाबून धरतो, तेव्हा कुठे ते टोक चपटं होऊन बसतं. आत कुणी धरलेलं नसेल तर बाहेरच्यानं कितीही जीव काढावा, रिव्हेट बसत नाही. मध्ये पत्रा, त्यात गनला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरचा गोंगाट. एकमेकींचं तोंड दिसत नाही, बोलणं ऐकू येत नाही. म्हणून आतला पत्र्यावर ठोके देतो. मामीनं त्याचं गाणंच केलं होतं.

एक ठोका, बसला गं,
दोन ठोके, मार,
तीन ठोके, वाकडा गं,
काढ त्याला पार.

आत नेहमी आईच जायची, काडीसारखी होती म्हणून. “वन्सं, तुम्हीच जा आत,” मामी म्हणायची, “मी गेले तर विमान माझ्या मापाचं शिवायला लागेल.”

त्या दुपारी जेवणं झाली. मामी कामाचे बूट चढवून शेपटीपाशी आली. आत शिरायच्या भोकाखाली आईच्या चपला होत्या. आई आत नेहमी अनवाणी जायची. म्हणजे आई आत.

मामीनं कॉम्प्रेसर लावला, रिव्हेट घातला, गन टेकवली. घर्रर्र…

आतून ठोका आला. एक.

रोजच्यासारखा टण् नव्हता. ठप्प असा होता. ठोकळा फडक्यात गुंडाळला असेल, तिला वाटलं.

दुसरा रिव्हेट. एक ठोका.

तिसरा. दोन ठोके. अजून मारला. एक ठोका.

ओळच्या ओळ सरसर बसत गेली. आतलं माणूस असं काही धरत होतं की गन हातात थरथरतसुद्धा नव्हती.

“आज हात लागलाय हं वन्सं!” मामी पत्र्याला तोंड लावून ओरडली. एरवी आईनं उलटून टोमणा मारला असता…

आतून नुसता एक ठोका.

मग शेवटचा रिव्हेट. तीन ठोके.

मामीनं तो काढला. दुसरा मारला. तीन ठोके. तोही काढला. पुन्हा तीन.

“अहो, काय झालंय काय?”

ठप्प… ठप्प… ठप्प.

पण आता आवाज रिव्हेटपाशी नव्हता. खाली सरकला होता. तिच्या गुडघ्याजवळ. पोटाखालच्या त्या जुन्या पत्र्यातून येत होता.

“कुणाशी बोलतेयस गं वहिनी?”

मामी गर्रकन वळली.

मागे आई उभी होती. हातात नळावरून धुवून आणलेले डबे. पायात मामीच्या चपला.

आई सांगते, “वहिनीच्या तोंडाचा रंग असा उतरला, जणू कुणी पुसून घेतला.”

आईनंच जाऊन कॉम्प्रेसर बंद केला. हँगरमध्ये सगळं शांत झालं. छपराच्या काचांतून ऊन पडलेलं. धूळ तरंगतेय…

ठप्प. ठप्प. ठप्प.

दोघींनी भोकातून टॉर्च मारला. आत कुणी नव्हतं. ठोकळा आईनं ठेवला होता तिथेच, गोणपाटावर, कोरडा. पण नव्या रिव्हेटची टोकं आतून चपटी होती. एकजात. नाण्यासारखी. आणि आतून वास येत होता. ओल्या गाळाचा. ते विमान वाळून दोन उन्हाळे झाले होते.

“वहिनी, चल. बाहेर चल आधी.” आईनं तिचा दंड धरला.

मामी हलली नाही. उलट खाली बसली. जमिनीवर, मांडी घालून, जुन्या पत्र्याला कान लावून. ठोका बरोबर तिच्या कानाशी पडला.

तीच उंची. उंबऱ्याजवळची.

“वन्सं, ड्रिल आणा.”

“वेडी आहेस का? त्या पत्र्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय.”

“तीन ठोके म्हणजे काय?”

आईनं तिचा दंड पुन्हा ओढला.

“सांगा ना. तीन म्हणजे काय?”

“…काढ.”

“मग? मी बसबॉडी बांधणारी बाई. आतला माणूस सांगेल ते ऐकते, साहेबाचं नाही.”

पहिला रिव्हेट निघाला आणि ठोके थांबले. पुन्हा वाजले नाहीत.

पत्रा खाली आला. आत, विमानाच्या तळपत्र्याखालून, चालकाच्या दांड्यापासून शेपटीपर्यंतच्या तारा जायची अरुंद पोकळी होती. ते विमान पुन्हा उडायचं नव्हतं, म्हणून आतल्या तारांची कुणी चौकशीच केली नव्हती. पोकळी गाळानं गच्च भरलेली. गाळ वाळून दगड झालेला. आणि त्या दगडातून दोन बूट बाहेर डोकावत होते. पुढची टोकं पत्र्याला टेकलेली.

मामीनं दोन्ही हातांनी माती उकरली. रडत नव्हती ती. नुसती उकरत होती.

तो माणूस पालथा पडलेला होता. आता नुसती हाडं आणि चामडं. हातमोजे मात्र शाबूत. एका मुठीत तुटलेल्या तारेचं एक टोक, दुसऱ्या मुठीत दुसरं. हात छातीशी ओढून घेतलेले.

तार तुटली होती. मध्ये माणूस जोडला गेला होता.

साहेब आले. ओणवे होऊन पाहिलं. टोपी काढली आणि तिथेच जमिनीवर बसले. “ही शेपटीच्या पंखाची तार,” ते हळूच म्हणाले. “हिच्याशिवाय नाक वर उचलता येत नाही. आम्ही आजवर समजत होतो, चालकानं वाचवली घरं…”

“चालकानंच वाचवली,” मामी म्हणाली. “पण आत कुणीतरी धरून बसलं होतं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी समिती जमली. साहेबांनी मामीला खुर्ची दिली. आवाज मऊ होता, पण प्रश्न सुटला नव्हता.

“बाई, नाव लागेल. लागायलाच हवं. पण एक सांगा. चार माणसांनी शपथेवर सांगितलंय. त्यांची मुलं-नातवंडं गावात आहेत. उद्या ती विचारतील, मग आमचे बापजादे खोटं बोलले का? मी काय उत्तर देऊ? त्या दुपारी गल्लीत होतं ते कोण?”

आणि आयुष्यात पहिल्यांदा मामी भांडली नाही. कशी भांडणार? पाचवी साक्षीदार तीच होती.

तेव्हा दारात काठी वाजली. माई आली होती.

ती काय बोलली ते सांगतेच, पण त्याआधी एवढं सांगू दे. विमान आज उभं आहे. पाटीवर सात नावं आहेत. सातवं सगळ्यांत वर आहे, कारण मामीनं पाटी स्वतः ठोकली आणि तिला विचारायची कुणाची छाती झाली नाही. तो जुना पत्रा पुन्हा बसवला. ते रिव्हेट मारताना आई आत गेली नाही. मामी म्हणाली, राहू द्या. एकटीनं मारले. सगळे बसले.

कसे बसले, ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

उन्हाच्या दिवसांत दुपारी कधी कधी शेपटीतून एक ठोका येतो. एकच. तिथला रखवालदार सांगतो, ऊन लागलं की पत्रा फुगतो. असेल. मी दरवर्षी जाते, पाटीपाशी उभी राहते. शेपटीकडे मात्र अजून माझं पाऊल वळत नाही.

तर माई आली. काठी भिंतीला टेकवली. सगळ्यांकडे एकदा पाहून घेतलं.

“खोटं नव्हती बोलत ती माणसं,” ती म्हणाली. “हे आले होते.”

“माई, म्हणजे ते पळून…”

“मध्ये बोलू नका. जन्मभर मी गप्प बसले, आता तुमची पाळी. आले होते म्हटलं असतं, तर तुम्ही त्यांना पळपुटा म्हणाला असतात. मरून आले होते म्हटलं असतं, तर मला वेडी म्हणाला असतात. आज म्हणा काय म्हणायचं ते.”

साहेबांनी हातातलं पेन खाली ठेवलं.

“दार वाजलं ते बुटानं वाजलं. मी फटीतून पाहिलं. नखशिखांत निथळत होते, आणि खालचा उंबरा कोरडा ठणठणीत. कडी काढू नकोस म्हणाले. मी म्हटलं, अहो, असे कसे दारातून जाता? पोर इथेच बसलीय. निदान फटीतून बोट तरी द्या तिच्या हातात.”

माईनं काठी पुन्हा हातात घेतली. मग समितीकडे पाठ केली आणि मामीकडे वळली.

“तर म्हणाले, ‘हात मोकळे नाहीत गं माझे. सोडले, तर तुमच्यावरच येईल.’”