सतरावं घर

त्या सकाळी माझ्याकडे काम एकच होतं. वसतिगृहाच्या तिसऱ्या मजल्यावर जायचं, दार वाजवायचं आणि वोंडा साइझमोर नावाच्या मुलीला सांगायचं, की तुला कुणीच बोलावलेलं नाही.

हे सांगायचीही पद्धत होती. आधी मुलीला बसवायचं, मग पाणी द्यायचं, मग बातमी. उभ्याउभ्या सांगायचं नाही, कारण मागे एकजण उभ्याउभ्या कोसळली होती. मी वीस वर्षांची होते आणि त्या आठवड्यात अशा चार बातम्या देऊन झाल्या होत्या. चौथ्या वेळी माझा आवाजही हलला नाही. हात बसला म्हणतात तो असा.

ही एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीच्या ऑगस्टमधली गोष्ट, अलाबामातली. वर्ग सुरू व्हायच्या आधीचा आठवडा आमच्याकडे भरतीचा. एका लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना विद्यापीठातल्या मुलींच्या मंडळांची, निवडलेल्या मुलींनी एकत्र राहायची सोळा घरं, पांढऱ्या खांबांची, प्रत्येकाच्या कपाळावर ग्रीक अक्षरं. हजारभर नव्या मुली टोळ्याटोळ्यांनी घरोघर फिरतात. दार उघडतं, आतल्या मुली टाळ्या पिटत, पाय आपटत गाणं म्हणतात, एकेक जण एकेकीचा हात धरून आत नेते आणि लिंबू सरबताचा एक ग्लास संपेपर्यंत बाप काय करतो, आई कुठल्या घरातली, हे सगळं काढून घेते. गुरांच्या बाजारात दात बघतात तसंच, फक्त इथे सगळे हसून बघतात. रात्री मतं पडतात. सकाळी यंत्रावर छापलेल्या चिठ्ठ्या येतात. पहिल्या दिवशी सोळा घरं, मग बारा, मग सहा, शेवटी दोन. काहींच्या चिठ्ठीवर शून्य.

माझंही एक घर होतं. पण त्या आठवड्यापुरता मी त्याचा बिल्ला काढून ठेवला होता, कारण मी काउन्सेलर होते. तीस नव्या मुली माझ्या ताब्यात. काउन्सेलरला नियम दोन. पहिला, कुठल्या घरात जा हे मुलीला सांगायचं नाही. तिने विचारलंच तर ठरलेलं वाक्य म्हणायचं, "जिथे तुला घरासारखं वाटेल तिथे जा." दुसरा, मुली आत असताना रस्त्यावर घराकडे पाठ करून उभं राहायचं, म्हणजे आतल्या मैत्रिणींशी खाणाखुणा होत नाहीत. नियम मोडला तर शिक्षा काउन्सेलरला नसे, तिच्या घराला असे. त्या वर्षी त्या घराला एकही नवी मुलगी मिळत नसे.

वोंडाला आजीने वाढवलं होतं आणि आजी मार्चमध्ये गेली होती. तिच्याकडे चांगला फ्रॉक एकच. रोज संध्याकाळी धुऊन खिडकीत वाळत घालायची आणि तिला वाटायचं, हे कुणाच्या लक्षात येत नाही. सोळाही घरांच्या लक्षात आलं होतं.

मी दार वाजवलं. ती फ्रॉक घालून, केस विंचरून, पांढरे बूट चढवून तयार उभी.

"या ना, मॅम! मी केव्हाची वाट बघतेय."

"मॅम काय म्हणतेस गं? दोन वर्षांनी मोठी आहे फक्त. रॉझलिन म्हण. वोंडा, जरा बस बघू."

"बसत नाही, फ्रॉक चुरगळेल. दोनला बोलावलंय मला."

"कुणी?"

तिने कार्ड पुढे केलं. जाड, सायीच्या रंगाचं, निळ्या शाईने हाताने लिहिलेलं. दुपारी दोन वाजता यावं, आम्ही सगळ्या तुझी वाट पाहत आहोत. खाली तीन ग्रीक अक्षरं. सोळापैकी कुठल्याच घराची ती नव्हती. कार्डाला बंद कपाटाचा वास होता आणि त्याखाली, अगदी पुसट, गॅसचा.

माझ्या मनात पहिल्यांदा आली ती पोरांची थट्टा. आदल्या वर्षी मुलांच्या एका मंडळाने असंच खोटं आमंत्रण धाडून एका मुलीला नटूनथटून कुत्र्यांच्या दवाखान्यात पाठवलं होतं. वोंडाचा चेहरा इतका उजळला होता, की मला ते बोलवेना. म्हटलं, सोबत जावं. थट्टा निघाली तर निदान ती एकटी नसेल.

दुपारी दोनचं ऊन. डांबर बुटांना चिकटत होतं. दोन्ही बाजूंच्या घरांतून गाणी, टाळ्या, किंकाळ्या. सोळावं घर मागे पडलं तसा आवाज विरत गेला. त्याच्यापुढे विद्यापीठाचा मोकळा प्लॉट होता. कापलेलं गवत, दोन ओक, आणि मधोमध सिमेंटच्या तीन पायऱ्या. पायऱ्यांच्या वर काहीच नव्हतं.

"हे काय, आलं," वोंडा म्हणाली.

"कुठे?"

"असं काय करता? तुम्ही पाठ करा ना. नियम आहे तुमचा."

बिचारीला क्षणभरात कळेल आणि रडू फुटेल, तेवढं तरी कुणी न बघता रडू दे तिला, असं वाटून मी वळले.

तिचे बूट पायऱ्यांवर वाजले. एक, दोन, तीन. मग कडी निघाल्याचा आवाज आला आणि माझ्या पाठीमागे टाळ्या सुरू झाल्या.

गाणं मला माहीत नव्हतं, पण चाल जुनी होती. पाय आपटत होते. पाय आपटले की लाकडी जमीन घुमते. गवत घुमत नाही. मानेवर गार वारा येत होता, तळघराचं दार उघडावं तसा. मग दार लागलं, आणि आतून बोलण्याची गुणगुण येत राहिली, चमच्यांची किणकिण, मधूनच खूप जणींचं एकदम हसू.

मी चाळीस मिनिटं तशीच उभी होते. वळले नाही. लोकांना मी सांगते, नियम होता म्हणून. खरं सांगायचं तर मी घाबरले होते, आणि घाबरलेल्या माणसाला नियमाचा फार आधार असतो.

"झालं!" वोंडा माझ्या शेजारी उभी होती. तिचे हात बर्फासारखे होते. "किती गोड आहेत सगळ्या! एकीनेही विचारलं नाही बाप काय करतो म्हणून."

"मग... काय विचारलं?"

"एवढंच, की घरी कोण वाट बघतं तुझी. मी म्हटलं, कुणी नाही. तर सगळ्यांनी माझा हात धरला." तिने फ्रॉकची चुणी सारखी केली. "तुमच्याबद्दलही विचारत होत्या. म्हणाल्या, बाहेरची मुलगी फार शहाणी आहे. वळली नाही."

मी तिला खोलीवर सोडलं आणि थेट भरतीच्या कार्यालयात गेले. तिथे मिसेस यूबँक्स बसत. सगळ्या चिठ्ठ्या छापून, लावून, पाकिटांत भरणाऱ्या बाई. मी विद्यापीठात यायच्या आधीपासून तिथे, आणि माझ्या आईच्या वेळीही तिथेच. त्यांनी माझं ऐकून घेतलं, पाकिटं भरायची न थांबवता.

"जाड कार्ड? निळी शाई?"

"हो."

"सही करणार का ती?"

"कशावर?"

"अगं, पसंतीच्या कार्डावर, कुठलं घर हवं ते लिहून. आज पाच वाजता सगळ्या करतील ना." मग त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ते सतरावं घर, पोरी. एकोणपन्नासच्या जानेवारीत थंडी पडली होती. खिडक्या बंद करून झोपल्या सगळ्या, गॅसची शेगडी गळत होती. अकरा जणी. नंतर घर पाडलं."

"मग आता..."

"आता काय? घर म्हटलं की भरती आली. कमी झालेल्या जागा भरायला नकोत? ज्या वर्षी एखादीला कुणीच घेत नाही, त्या वर्षी त्या बोलावतात." त्यांनी पाकिटाची कड जिभेला लावली. "तिने त्यांचं नाव लिहिलं नाही, तर काही होत नाही. लिहिलं, तर गेली."

"तुम्ही सांगत का नाही कुणाला?"

"सांगितलं होतं एकदा. माझी सहा महिने रजा झाली, डॉक्टरच्या सल्ल्याने. तू तिची काउन्सेलर आहेस ना? तू सांग."

आता मी तुम्हाला जे सांगणार आहे, ते मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही.

पाच वाजता सभागृहात मुली रांगेत बसल्या होत्या. सही होईपर्यंत कुणी कुणाशी बोलायचं नाही. काउन्सेलर टेबलापाशी, कार्ड वाटायला. आमच्या प्रमुख बाई टेबलांमधून हळूहळू फिरत होत्या, कान टवकारून. वोंडा आली, कार्ड घेतलं, पेन उघडलं, आणि थांबली.

"रॉझलिन," ती हळूच म्हणाली. मला नावाने हाक तिने तेवढी एकदाच मारली. "लिहू ना मी? तुला काय वाटतं? खरं सांग. मला जरा... तिथे फार गारठा होता."

ती मला विचारत होती. तिला शंका आली होती. 'नको लिहूस' एवढे दोन शब्द पुरले असते. प्रमुख बाई माझ्या उजव्या खांद्यामागे येऊन थांबल्या होत्या. मी बोलले असते तर माझ्या घराची त्या वर्षाची सगळी भरती रद्द झाली असती आणि सत्तर मुलींनी जन्मभर माझं तोंड पाहिलं नसतं. आणि कशापायी, तर एका म्हाताऱ्या बाईच्या बडबडीपायी. शिवाय दुसरं कुठलं दार होतं वोंडाला? हा सगळा हिशोब मी एका श्वासात केला.

"जिथे तुला घरासारखं वाटेल," मी म्हणाले, "तिथे जा."

प्रमुख बाई पुढे सरकल्या. वोंडाने मान हलवली आणि लिहिलं. अक्षर सुंदर होतं तिचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मैदानावर हजार मुली पाकिटं हातात घेऊन बसल्या. शिट्टी झाली. पाकिटं फाटली, आणि सगळ्या उठून रस्त्याने आपापल्या घराकडे धावत सुटल्या. रडत, ओरडत, बूट हातात घेऊन. प्रत्येक घरापुढे जुन्या मुली हात पसरून उभ्या असतात. मी वोंडाच्या मागे धावले. खरंच धावले. तिला हाका मारल्या. पण त्या दिवशी तिथे प्रत्येकजण कुणाला तरी हाका मारत असते.

सोळाव्या घरापाशी गर्दी संपली. पुढच्या गवतावर कुणी नव्हतं. आरोळ्या मात्र तिथूनही आल्या, आनंदाच्या, जशा बाकीच्या घरांतून येत होत्या तशाच. मग थांबल्या.

खोलीत तिचं अंथरूण घडी घातलेलं होतं. विद्यापीठाने लिहिलं, विद्यार्थिनी प्रवेश सोडून घरी गेली. चौकशीला कुणी आलं नाही. ती खोटं बोलली नव्हती, घरी कुणी वाट बघणारं नव्हतंच. मिसेस यूबँक्स त्या हिवाळ्यात निवृत्त झाल्या. मी शिकले, लग्न केलं, मुलं वाढवली. माझ्या घराला त्या वर्षी एकोणपन्नास नव्या मुली मिळाल्या. त्यांतल्या एकीचंही नाव आज मला आठवत नाही.

आता मी सत्तावन्न वर्षांची आहे. गेल्या शनिवारी टपालात एक आभाराची चिठ्ठी आली. आमच्याकडच्या मुलींना आभाराची चिठ्ठी लिहायला बोलायच्या आधी शिकवतात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. पाकिटावर तिकीट नव्हतं.

"प्रिय मिस रॉझलिन, मला इथे पोचवल्याबद्दल मनापासून आभार. वोंडा म्हणाली, मुलीला कसं न्यायचं हे ती तुमच्याकडूनच शिकली. आपली, कॅरिस मॅब्री." वर तारीख होती रविवारची. म्हणजे दुसऱ्या दिवसाची.

मी लगेच भरतीच्या कार्यालयाला फोन लावला. एका मुलीने उचलला.

"कॅरिस मॅब्री? थांबा हं, बघते... हो, आहे. सकाळी शून्य आलंय बिचारीला. तुम्ही आई का तिच्या?"

"नाही. ती आहे कुठे आत्ता?"

"काळजी करू नका, मॅम. काउन्सेलर गेलीये तिच्याकडे. आत्ताच खिडकीतून दिसल्या मला, हातात हात घालून चालल्यात दोघी. हसतेय की ती चांगली."

"थांबव त्यांना. पळ. त्या मुलीला म्हणावं, जाऊ नकोस, सही करू नकोस. ऐकतेस ना? म्हणावं, मी सांगितलंय!"

"अहो, पण असं आम्हाला..."

"काउन्सेलर कोण आहे तिची?"

फोनमधून मला ताटल्यांचे, हसण्याचे आवाज येत होते. मग तिने तोंडाशी हात धरला असावा, कारण पुढचं मला जेमतेम ऐकू आलं.

"मॅम... काउन्सेलर सगळ्या इथेच आहेत. माझ्यासमोर जेवतायत."

घड्याळात दोनला दहा कमी होते. मी तिथून तीन तासांवर राहते.