बोलणारीची खुर्ची

पटत नसेल तर आत्ताच उठा. आयुष्यात मी पुष्कळ थापा मारल्या, पण ही माझ्या सख्ख्या भाच्यांची गोष्ट आहे. यात एक शब्दही वाढवलेला नाही.

उलट एक-दोन गाळलेत...

सुताराच्या कारखान्यावर एक लांबट खोली होती. तिथे मास्तर कविता म्हणायला शिकवायचे. त्यांची पद्धत ठरलेली. पाठांतराआधी तीन प्रश्न. कोण बोलतंय? कुठून? कशासाठी?

एकाने उभं राहून विचारायचं. दुसऱ्याने खुर्चीत बसून, कवितेतलं माणूस होऊन उत्तर द्यायचं. आणि शेवटी खुर्ची आडवी पाडायची.

"आलेल्याला वाटेला लावावं लागतं," मास्तर म्हणायचे.

सगळे हसायचे. पण पाडायचे.

ताई तिथे जुनी. धाकटीला तिनेच बोट धरून आणलेलं. आणि शनिवारच्या कार्यक्रमाची मुख्य कविता मास्तरांनी दिली कुणाला? धाकटीला!

'दार उघड, आतला दिवा
माझ्यासाठीच लावला होता...'

धाकटी खुर्चीत बसून म्हणाली, "मी वाटसरू. उंबऱ्याबाहेर गारठलेय. मला ऊब हवीय."

"वा! ही कविता हिचीच," मास्तर म्हणाले. "ताई, तू मागे दिवा धरून उभी राहा."

"धरते की. दिवा धरायलाही अक्कल लागते."

हसून म्हणाली, पण आत नुसती धग. वाटसरूसाठी आधीच दिवा कोण लावून ठेवतं? बोलणारी त्याच घरातली आहे, एवढंही कळू नये? हे मास्तरांना पटवलं, तर ऐनवेळी कविता आपल्याकडे येईल, असं तिच्या मनाने घेतलं.

शनिवारी दुपारी ती एकटीच वर गेली. सुतार जेवायला गेलेले. करवत बंद.

विचारायला दुसरं कुणी नव्हतं. मग तीच उभी राहून विचारायची, तीच बसून उत्तर द्यायची.

"कोण बोलतंय?"

बसली. "थोरली बहीण."

उठली. "कुठून?"

बसली. "दाराबाहेरून. आत माझी जागा धाकटीने घेतलीय."

अंगावर काटा आला. हेच! हेच बरोबर! ती आनंदाने उठली.

"कशासाठी?"

ती अजून उभीच होती...

खुर्ची करकरली. कुणी बसल्यावर करकरते, तशी.

"तिने बाहेर यावं म्हणून."

आवाज ताईचाच होता.

ती जिन्यावरून कशी उतरली, तिलाच ठाऊक. खुर्ची आडवी पाडायची राहिली.

मास्तरांना तिने काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कार्यक्रम थांबला असता. आणि खरं सांगू? धाकटी जरा अडखळावी, असं तिला अजूनही वाटत होतं.

संध्याकाळी खोली गच्च भरली. मी दुसऱ्या रांगेत. धाकटी पुढे, ताई मागे दिवा धरून.

"दार उघड, आतला दिवा..."

टक. टक.

खोलीच्या बंद दारावर.

धाकटी थांबली. "ताई बोलावतेय," म्हणाली आणि सरळ चालू लागली. लोकांना वाटलं, कवितेतच आहे.

ताई मागून ओरडली, "अगं, मी इथे आहे!"

धाकटीने दार उघडलं. बाहेर गेली. दार लागलं...

आम्ही धावलो. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर ती बसली होती. हातपाय बर्फासारखे.

"तूच तर म्हणालीस, बाहेर ये," ती ताईला म्हणाली. "मग मला बसवून तू वर का गेलीस?"

मास्तर पुढचं ऐकायला थांबलेच नाहीत. वर जाऊन त्यांनी खुर्ची पाडली. पण ती रिकामी होती, म्हणाले. केव्हाचीच.

कविता ताईला मिळाली. तिने ती कधीच म्हटली नाही.

मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे गेलो होतो. धाकटी आतल्या खोलीत झोपलेली. ताई माझ्यासमोर बसून शेंगा सोलत होती.

टक. टक.

मी उठलो. ताईने माझा हात घट्ट धरला. "मामा, बसा. रोजचंच आहे. धाकटी जागी होईल."

दाराबाहेरून कुणीतरी हळूच म्हणालं, "मामा, तुम्ही तरी उघडा..."

आवाज ताईचा होता.

आणि ताई माझ्यासमोर, ओठ मिटून, शेंगा सोलत होती.