ओल्या हळदीची सहाशे चाळीस पुनर्गायने

मिरजेच्या ध्वनिवंश प्रयोगशाळेत दिगंबर कोष्टी आले, ते आपला सगळा संग्रह घेऊनच. मालन आवटे यांच्या ‘ओली हळद’ या एकाच गाण्याची, वेगवेगळ्या गळ्यांतली सहाशे चाळीस पुनर्गायने. प्रत्येकाची तारीख, गाव आणि बहुतेकांवर कोष्टींचा शेरा. शेऱ्याखाली गुण, पाचपैकी किती हळकुंडं, ते.

“तीनच्या वर सहसा देत नाही मी,” ते म्हणाले. “उगं लाड नाहीत.”

मालनबाई गाणी रचत आणि स्वतःच गात. १९९७च्या जानेवारीत त्यांनी घरीच या गाण्याची कॅसेट भरली, पन्नास प्रती वाटल्या आणि त्याच वर्षी त्या गेल्या. लोकांनी कॅसेट ऐकून गाणं उचललं. कॅसेटी मात्र झिजून संपल्या. आज, २०४१ साली, एकही शिल्लक नव्हती. कोष्टींनीसुद्धा मूळ गाणं कधी ऐकलं नव्हतं.

त्यांच्या शेजारी मालनबाईंची मुलगी उल्का बसली होती. आई गेली तेव्हा ती दीड वर्षाचीही नव्हती. आई कशी गात होती एवढंच तिला ऐकायचं होतं, आणि त्यासाठी ती शिकवत असलेली सांगलीची शाळा अर्धा दिवस बुडवून आली होती.

“आवाज आईचा मिळणार नाही हं,” प्रयोगशाळेच्या डॉ. मेहरुन सतारमेकर यांनी आधीच सांगून टाकलं. “तो कुणाच्या नकलेत उतरत नाही. पण चाल, श्वास, थांबे उतरतात. तेवढे काढता येतील.”

“ते कसं काय ओ?” कोष्टींनी विचारलं.

“चुकांवरून, काका. बरोबर गाणारे सगळे सारखेच, त्यातून काही कळत नाही. पण दोन बायका एकाच जागी एकसारख्या चुकल्या, तर दोघींनी ते एकाच ठिकाणाहून घेतलंय. सख्ख्या बहिणींच्या हनुवटीवर सारखी खळी असते ना, तसं. अशा खुणा जुळवत मागे गेलं की वंशावळ उभी राहते आणि टोकाला मूळ गायन सापडतं. आमच्या यंत्राला आम्ही मूळशोधक म्हणतो.”

तासाभराने मूळशोधकाने यंत्राच्या सपाट आवाजात गाणं वाजवलं. संथ, गंभीर, शब्दाशब्दावर रेंगाळणारं. कोष्टींचे डोळे भरून आले. “हेच! अगदी असंच असणार म्हणून मी सत्तावीस वर्षं बोंबलतोय. पाच हळकुंडं! पहिल्यांदा!”

उल्का मान खाली घालून ऐकत होती. “छान आहे,” ती म्हणाली. आवाजात आनंद नव्हता, कोड्यात पडल्यासारखी होती ती. “मावशी म्हणायची, आई बसून कधी गायचीच नाही. काम करता करता गायची.”

मेहरुन पडद्याकडे बघत होती. खुणांचं ते जुळणं तिला संशय यावा इतकं चांगलं वाटत होतं. तिने प्रत्येक खुणेची सर्वांत जुनी तारीख काढायला सांगितली आणि खुर्ची मागे सरकवली.

“काका, यातली एकही खूण २०१४च्या आधी कुठंच नाही. मालनबाई गेल्या सत्त्याण्णवला. हे मूळ त्यांचं असूच शकत नाही. चौदा साली काय झालं होतं?”

कोष्टींनी चष्मा काढून पुसला.

“मी शेरे छापायला लागलो,” ते म्हणाले. “इंटरनेटवर. गाणाऱ्या वाचायच्या. पुढच्या वेळी सुधारून पाठवायच्या. मला वाटायचं, काय सुधारल्यात बायका!” त्यांनी पडद्याकडे बोट केलं. “म्हणजे हे मूळ... मीच की!”

उल्काने पर्स उचलली.

“बसा, ताई,” मेहरुन म्हणाली. “काका, तुमचं कधीच न वाचलेल्या कुणी आहेत का यात?”

“आहेत. एकोणीस. शेरा लिहायच्या लायकीची वाटली नाहीत, म्हणून बाजूला टाकलेली. भजनी मंडळं, लग्नघरं. कॅसेट ऐकून शिकलेल्या म्हाताऱ्या. त्यांना कुठलं आलंय इंटरनेट?”

मेहरुनने बाकी सगळी गायने काढून टाकली आणि त्या एकोणिसांवर यंत्र पुन्हा चालवलं.

या वेळी गाणं चटपटीत निघालं, कामाच्या लयीत, जवळजवळ हसरं. उल्का खुर्चीत पुढे झाली. दुसऱ्या कडव्याच्या मध्येच गाणं थांबलं. दोन मात्रा काहीच नाही. मग पुन्हा सुरू झालं, पण ओळी आता तुकड्या-तुकड्यांत येत होत्या.

“हीच ती खोड!” कोष्टी सवयीने बोलून गेले. “बाकीच्याही काही जणी इथंच अडखळायच्या. माझ्या पहिल्याच शेऱ्यात लिहिलं होतं मी, हे काढा, दम पुरवून गा. त्यानंतर सगळ्यांनी काढलं.”

“या एकोणीस जणी अकरा गावांतल्या आहेत, काका. एकमेकींना ओळखतही नाहीत. सगळ्या एकाच जागी अडखळत असतील, तर ती जागा कॅसेटमध्ये होती.” मेहरुनने श्वासांचा आलेख मोठा केला. “थांब्याच्या आधी ओळ एका श्वासात येते. नंतर तीन श्वासांत, अगदी शेवटपर्यंत. आणि श्वास हलक्या झोक्यात आहेत, डावीकडून उजवीकडे डोलल्यासारखे. असं माणूस कधी गातं? हातात वजन घेतलं की.”

“किती वजन?” उल्काने विचारलं.

“नक्की नाही सांगता येत. सात-आठ किलो असेल.”

उल्काने बोटांवर महिने मोजले. आपल्या जन्माचा मार्च ते कॅसेटचा जानेवारी. दहा. मोजून झाल्यावरही ती बोटांकडेच बघत राहिली.

“परत लावा,” ती म्हणाली. “थांबते तिथून.”

गाणं वाजत असताना कोष्टी खिडकीकडे तोंड करून उभे होते. संपल्यावर ते वळले.

“सगळ्यांना मी ते मूल खाली ठेवायला लावलं की ओ.”

“तिनं नाही ना ठेवलं, काका,” उल्का म्हणाली.