सातव्या खेकड्याची शंका

घरट्यावरची टोपली उचलली, तर खाली नुसती ओलीचिंब वाळू. केतकीने दोन्ही हातांनी उकरून पाहिलं. कासवाची अंडी हाताला लागली, पण सगळी थंडगार. भरतीने किनाऱ्याचा सातवा पट्टा बुडवला होता. या घरट्यातल्या पिल्लांची ती महिनाभर वाट पाहत होती, आणि कालच कासव-संवर्धन केंद्राच्या पडद्यावर तिने वाचलं होतं, 'सातवा पट्टा सुरक्षित'.

"आजोबा, गणित चुकलं कसं?"

भाऊआजोबा वाळूत काहीतरी शोधू लागले. ते सांख्यिकीचे (आकड्यांवरून अंदाज बांधण्याच्या शास्त्राचे) संशोधक. कासवंडीच्या किनाऱ्यावरचे यंत्रखेकडे त्यांनीच बनवले होते. पट्ट्यागणिक एक खेकडा. त्याने आपल्या पट्ट्याचा उतार मोजायचा, हजारो काल्पनिक भरत्या मांडून पाहायच्या आणि पाणी घरट्यांपर्यंत येईल का, ते केंद्राला कळवायचं. सगळे एकदमच कामाला लागत. याला म्हणतात समांतर गणन (एकच मोठं गणित अनेकांनी वाटून घेऊन एकाच वेळी सोडवणं). अंडी उगाच हलवली तर आतली पिल्लं दगावतात. म्हणून खेकडे धोका सांगतील तेवढीच घरटी वर न्यायची, असा केंद्राचा रिवाज होता.

आजोबांनी वाळूत रुतलेला सातवा खेकडा बाहेर काढला आणि सदऱ्याने पुसला. त्याच्या पाठीवरच्या इवल्या पडद्यावर एकच मजकूर पुन्हा पुन्हा उमटत होता, 'उताराचं माप मिळत नाही. गेल्या वर्षीचं धरलं आहे. कोणीतरी येऊन बघा.'

केतकीने तो मजकूर दोनदा वाचला. "म्हणजे त्याला ठाऊक होतं?"

"होतं. तो सांगतही होता."

"कुणाला?"

"स्वतःलाच." आजोबा वाळूत बसले. "प्रत्येक खेकड्याचा मेंदू वेगळा, बाळा. तिथे उठलेली शंका आपोआप केंद्रात येत नाही, ती मागावी लागते. मी फक्त उत्तर मागितलं होतं."

"पण गेल्या वर्षी तर एक खेकडा बिघडला की सगळेच थांबायचे."

"हो, आणि बाकीच्यांची तयार उत्तरंही वाया जायची. ती त्रुटी (काम पुढे जाऊच न देणारी अडचण). म्हणून मी सांगून ठेवलं, एक अडला तरी इतरांनी थांबायचं नाही. तेवढं बरोबर होतं. पण इशारा (काम पुरं होतं, पण उत्तराची खात्री नसते) निराळा. अशा इशाऱ्यांची रोजची किटकिट मला नको झाली आणि मी तेही बंद करून टाकले. पडदा कसा स्वच्छ दिसायला लागला."

स्वच्छ पडद्याचं मोठ्या माणसांना भारी कौतुक. केतकीला आजोबांचा राग आला आणि त्यांच्यासाठी वाईटही वाटलं. दोघांनी मिळून ती दगावलेली अंडी पुन्हा वाळूत पुरली. तेव्हा मात्र ती रडली.

घरी परतताना तिने विचारलं, "आई डब्यात पोळीबरोबर भाजी देते, तशी उत्तराबरोबर शंका नाही का देता येणार?"

आजोबा थबकले. दुपारभर खपून त्यांनी खेकड्यांना नवी शिस्त लावली. प्रत्येकाने तीन कप्प्यांचा डबा पाठवायचा: उत्तर, शंका, आणि काम अडलंच तर त्याचं कारण. कप्पा रिकामा असला तरी चालेल, पण डबा आलाच पाहिजे. आणि ज्याचं उत्तर आलं नाही, त्याचा पट्टा सुरक्षित समजायचा नाही.

संध्याकाळी चौथ्या खेकड्याचा डबा आला. 'उत्तर: सुरक्षित. शंका: उताराचं माप मिळत नाही. गेल्या वर्षीचं धरलं आहे. कोणीतरी येऊन बघा.'

आजोबा चष्मा शोधेपर्यंत केतकी दाराबाहेर पडली होती. तिने खेकड्याच्या मापकावर बसलेली वाळू झटकली. त्याने उतार नव्याने मोजला, गणित पुन्हा मांडलं आणि कळवलं, 'धोका'. भरती यायच्या आत तिने आणि आजोबांनी चौथ्या पट्ट्यावरचं घरटं अलगद वर नेलं.

काही दिवसांनी त्यातली पिल्लं निघाली आणि तुरुतुरु समुद्रात गेली. किनाऱ्यावर जमलेले सगळे टाळ्या वाजवत होते. केतकी मात्र सातव्या पट्ट्यावर जाऊन बसली. तिथला खेकडा दुरुस्त होऊन पुन्हा कामाला लागला होता. तिने त्याच्या पाठीवरची वाळू बोटाने पुसली.

"आता सांग," ती हळूच म्हणाली. "आता ऐकू येतं आम्हाला."