लपवलेलं पान

ते साल एकोणीसशे पंच्याण्णव. बोईसरच्या एमआयडीसीत नरहरीशेठच्या टाक्या बनवण्याच्या कारखान्यात तीन खोक्यांतून कॉम्प्युटर आला, आणि चौथं खोकं सांभाळत, तो शिकवायला कॉम्प्युटर कंपनीनं धाडलेला ठाण्याचा दिनानाथ. खोक्याआड त्याला समोरचं दिसेना... ड्रॉइंग ऑफिसच्या दारात तो थेट आनंदीच्या टी-स्क्वेअरवर आदळला.

"लागलं का हो?"

"मला नाही, पट्टीला. तुम्ही तिला घालवायलाच आलात म्हणे."

सातपाटीची आनंदी सहा वर्षं कागदावर ड्रॉइंगं काढत होती. आता शेठनी बजावलं होतं, "महिन्यात कॉम्प्युटरवर आख्खी टाकी उभी करून दाखव. नाहीतर स्टोअरमध्ये बस."

पहिल्याच दिवशी तिनं टाकी काढली. गोल, चार पाय, शिडी — सगळं जिथल्या तिथं. "झाली की," ती ऐटीत म्हणाली. दिनानाथनं चित्र हळूच तिरकं केलं, आणि आख्खी टाकी जमिनीवर सपाट पसरलेली दिसली, वाळूवर सुकत घातलेल्या मांदेल्यांसारखी.

"नुसती वरून बघितलीत. उंची कोण देणार?"

"तुम्ही सांगाल तेवढी देते."

दिनानाथचे कान लाल झाले. शेजारच्या बोर्डावरचे आत्मारामकाका उगाचच खोकले.

मग तो एकेक टोक उचलायला शिकवू लागला. पहिला पाय उभा राहिला तेव्हा तिच्या अंगावर काटा आला. माऊसवर दोघांचे हात एकदम पडत... आणि कुणालाच काढायची घाई नसे. पण तीन आठवडे सरले, तरी टाकी गुडघ्याएवढीच होती.

शुक्रवारी एमआयडीसीला सुट्टी. आनंदीनं कॉम्प्युटरचं जाडं पुस्तक घरी नेलं आणि डिक्शनरी घेऊन ओट्यावर बसली. एका पानावर लिहिलं होतं — गोल काढा, उंची सांगा, टाकी आपोआप उभी राहते.

शनिवारी तिनं ते पान त्याच्यासमोर धरलं. रागावली की तिच्या तोंडी सातपाटी येई.

"ह्या का नाय दाखवला? माजी नोकरी जाईल ना ओ. तुमाला काय, तुमी जाल ठाण्याला."

"म्हणूनच नाही दाखवलं," तो खाली बघत म्हणाला. "हे दाखवलं असतं तर चार दिवसांत शिकला असतात. आणि कंपनीनं मला परत बोलावलं असतं... चुकलं माझं."

तिनं खुर्ची ओढली आणि पाच दिवसांत टाकी उभी केली. फिरवून बघते तर शिडीच्या वर, चढणाऱ्याच्या बरोबर डोक्याच्या उंचीवर, पाइप आडवा. कागदावर तो कुणालाच दिसला नव्हता. नरहरीशेठ पडद्याकडे बघतच राहिले. "स्टोअरला दुसरं कुणीतरी बघतो," एवढंच म्हणाले.

दिनानाथ वायरी गुंडाळू लागला. "माझं शिकवायचं काही उरलं नाही."

"शिकवायचं नाही," आनंदी म्हणाली, "विचारायचं उरलंय. सातपाटीला येऊन... माझ्या आईला."

पुढच्या वर्षी दिनानाथनं ठाणं सोडलं. पालघरला स्टेशनजवळ त्यानं क्लास काढला. त्यात पहिलं नाव आत्मारामकाकांचं, वय छप्पन्न. नरहरीशेठ गेल्यावर मुलानं कारखाना विकला, तोवर आनंदी ड्रॉइंग ऑफिसची प्रमुख होऊन निवृत्त झाली होती. आणि तिची आई, रत्नाबाई, असेपर्यंत जावयाला 'मास्तर' म्हणायची आणि पापलेटाचा मधला तुकडा त्याच्याच ताटात वाढायची. त्यावरून आनंदी अजून कुरकुरते... आणि मधला तुकडा त्यालाच वाढते.