टॅपेट कव्हरवरची बोटं

बसा. भुतं रात्रीच निघतात, हे तुम्हाला कोणी सांगितलं? माझ्या वाट्याला आलं ते भर दुपारचं, आणि तेही टाल्कम पावडरीतून.

मी मदनसिंग, मंगरूळपीरचा मिस्त्री. केनवडच्या गुलाबरावांची जुनी अ‍ॅम्बेसेडर, तिचं इंजिन मी पंधरा दिवस राबून सुटं करून पुन्हा बांधलं. गाडी त्यांच्या गिरजाबाईची. डिकीत वांगी-टमाटे भरून ती स्वतः बाजारात न्यायची, स्टिअरिंगला नवऱ्यालाही हात लावू द्यायची नाही. तिला जाऊन सहा वर्षं झाली. आता लेकीचा, सुचिताचा, एकच हट्ट होता: "सासरी जाईन तं मायच्याच गाडीत."

लग्न दुसऱ्या दिवशी, आणि इंजिनातून ऑईल गळत होतं! सील बदललं, चेंबरचं पॅकिंग बदललं, सगळ्या दुनियेला शिव्या घातल्या. थेंब काही थांबेना.

शेवटी उस्तादाची रीत. इंजिन डिझेलनं धुवायचं, कोरडं पुसायचं, वर पावडर भुरभुरायची आणि सुरू करायचं. जिथं पावडर भिजेल तिथं गळती. घरचे सगळे हळदीत दंग. मळ्यातल्या शेडमध्ये मी एकटा. वीस मिनिटांनी इंजिन बंद केलं आणि एकदम सगळं गप्प झालं. पाखरू नाही, पंप नाही. गरम ऑईलच्या वासात कुठून तरी ताज्या कोथिंबिरीचा वास आला... मी वाकून बॅटरी मारली.

धूर बाहेर नेणाऱ्या मॅनिफोल्डच्या मागे, इंजिनाच्या बगलेतल्या टॅपेटच्या कव्हरवर, पावडरीत चार बोटं उमटली होती. बारीक, बाईची. तिथं माझा हात शिरतसुद्धा नाही, आणि लोखंड तर असं तापलेलं की टेकवताच कातडी निघावी. एक बोट घसरत जाऊन एका बोल्टपाशी थांबलं होतं.

इंजिन निवल्यावर मॅनिफोल्ड उतरवला, कव्हर खोललं. त्याच बोल्टखाली पॅकिंग दुमडलेलं. माझ्याच हातानं बसवलेलं!

गुलाबरावांना सांगितलं. माणूस आधी रडला, मग पोट धरून हसला. "मदनभाऊ, मेल्यावरबी तुमच्यावर भरोसा नाही तिचा!"

दुसऱ्या दिवशी गाडीखाली अंथरलेला कागद कोरा करकरीत. बँड वाजला, नवरा-नवरी मागे बसले आणि गाडी सासरी, जऊळक्याकडे निघाली. खरं सांगतो, इतका आनंद मला स्वतःच्या लग्नात झाला नव्हता. त्या गर्दीत स्टिअरिंगवर कोण, हे कोण पाहतो?

धूळ खाली बसते न बसते तोच ड्रायव्हर लखन जिलबीची पत्रावळ घेऊन धावत आला. "गाडी गेली? चाबी तं माह्या खिशात हाये!"

दीड तासानं सुचिताचा फोन आला. "पोचलो काका. एक थेंब नाही गळला." मग तिचा आवाज उतरला. "मी साऱ्या रस्त्यानं रडत होती, मान वर केलीच नाही. पन हे म्हणून राह्यले, तुमची मावशी मस्त गाडी चालवते..."

"मग?"

"काका... मले मावशी नाही."