अकरा नंबरची नोंद

तक्रार करणाऱ्यांविषयी मला कधीच आदर नव्हता. लिनक्सच्या फायरवॉलचा एक कोपरा मी सांभाळायचो आणि नाही नाही ती माणसं मला पत्रं लिहायची. त्यातलीच ही, एका हॉस्पिटलचे कॉम्प्युटर बघणारी बाई. पेशंटच्या उशाशी असलेलं यंत्र बोललं की फायरवॉल त्याची नोंद तीस सेकंद जिवंत ठेवते; यंत्र पुन्हा बोललं की मोजणी पुन्हा तीसपासून. तिच्याकडे म्हणे ती आधीच पुसली जायची आणि पुढचा निरोप नर्सच्या टेबलापर्यंत पोचायचाच नाही. तीनदा लिहिलं तिने. तिन्ही वेळा मी कळवलं, आधी तुमचं घड्याळ नीट लावा.

चौथ्या पत्रात एकच ओळ होती. अकरा नंबरच्या कॉटवरचे आजोबा गेले, अलार्म वाजलाच नाही.

चूक माझी निघाली. वजाबाकीची, शाळकरी. दुरुस्ती घेऊन मी भर दुपारी तिच्या तळघरात गेलो. पंख्यांची एकसुरी घरघर, तापलेल्या धुळीचा वास. बाईने पाणीसुद्धा विचारलं नाही.

वॉर्डातली यंत्रं मी एकेक करून बंद करायला सांगितली. नोंदी बरोबर तिसाव्या सेकंदाला पुसल्या गेल्या.

"झालं," मी म्हणालो, उपकार केल्यासारखा.

"एक राहिलीय."

अकराची. तीस, एकोणतीस, अठ्ठावीस... पुन्हा तीस. यंत्र चालूच ठेवलंत की, मी खेकसलो. तिने कपाटाकडे बोट केलं. चौकशीसाठी सील केलेलं यंत्र आत होतं, वायर गुंडाळून. मग दुसरं कुणीतरी त्याचा पत्ता वापरत असणार, असं पुटपुटत मी अकराची केबल उपटली.

नोंद पुन्हा तीसवर गेली.

तेवढ्यात फोन वाजला. बाईने स्पीकर लावला. वरून नर्स हळू आवाजात सांगत होती, टेबलावरच्या पडद्यावर रिकाम्या अकरासमोर ठोके दिसतायत. एकशे अठरा.

का कोण जाणे, मी मनगटावर बोटं ठेवली. मिनिटभर मोजले. एकशे अठरा.

"ताई... आता वाढतायत," नर्स म्हणाली.

बाई माझ्या मनगटाकडे बघत होती. दया नव्हती त्या नजरेत. का असावी?

अहवालात मी 'चाचणी यशस्वी' लिहिलं. कोडही मंजूर झालं. बाई मला अजून रोज दुपारी एक आकडा लिहून पाठवते, बाकी अक्षर नाही. मी नाडी बघतो. कधी चुकत नाही.

काल मात्र तिने आकड्याखाली विचारलं होतं, "आज अकरावर दोघांचे ठोके का दिसतायत?"